मागच्याच्या पायाशी उजेड

१

रुचिकाच्या घरी सकाळ उजाडायची ती गॅस गिझरच्या आवाजानं. साडेपाचला ती न्हाणीचा नळ सोडायची, भिंतीवरचा पांढरा डबा टिक-टिक-टिक करायचा आणि भप्पकन निळी ज्योत पेटायची. मग जीवनची आंघोळ. त्याची शेलारजवळच्या गोदामात सुपरवायझरची ड्युटी, सातची गाडी. मग मृणालीची. ती दुसरीत, शाळा सकाळची. सगळ्यांत शेवटी सासूबाई, सीताबाई, पाणी कितीही कढत असलं तरी "कोमटच हाय" म्हणणाऱ्या.

त्या गुरुवारी डबा टिक-टिक करत राहिला आणि ज्योत काही पेटेना. आवाजही दमल्यासारखा येत होता. रुचिकानं कपाळाला हात लावला. गिझरला दोन मोठे सेल लागतात, आणि ते एकदा टाकले की सहा-आठ महिने बघावं लागत नाही. हे सेल टाकून तर अकराच दिवस झाले होते.

स्टुलावर चढून तिनं डब्याखालची सेलची पेटी ओढली. सेल तळहातावर घेतले आणि ती तशीच उभी राहिली.

सेलांभोवती वहीच्या कागदाची पट्टी गुंडाळलेली होती, चिकटपट्टीनं चिकटवलेली. पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, क क क क. मृणालीच्या बालवाडीतल्या वहीचा कागद. गिझरची पेटी जरा ढिली होती, म्हणून मागच्या वर्षी रुचिकानंच तो गुंडाळला होता. म्हणजे हे जुने सेल होते. आणि हे जुने सेल या घरात असूच शकत नव्हते, कारण अकरा दिवसांपूर्वी ते तिनं स्वतःच्या हातानं घराबाहेर घालवले होते.

"आई, पाणी?" मृणाली दारात येऊन उभी राहिली. पायात चपला तशाच, आणि चपलांना करडा चिखल.

"चपला घालून न्हाणीत? आणि हा चिखल कुठला गं आणलास?"

"कालचा हाय," मृणाली म्हणाली आणि निघून गेली.

रुचिकानं सेल पदराखाली लपवले आणि चुलीवर पाणी तापत ठेवलं. पाणी तापेपर्यंत तिच्या मनात पाल चुकचुकत राहिली, ती काही गप्प बसेना.

२

आता हे सेल गेले कुठे होते, ते सांगायला हवं. त्यासाठी आधी बोगदा सांगायला हवा.

दिघाशीच्या या पाड्याची शेती एकीकडे आणि घरं दुसरीकडे. मधून मोठा रस्ता गेला, तो मातीच्या उंच भरावावरून. शेतावर जायला म्हणून भरावाखालून सिमेंटचा एक बोगदा काढून दिला. पुढं रस्ता रुंद झाला, बोगद्याला आणखी एक तुकडा जोडला, पण तो सरळ रेषेत काही बसला नाही. त्यामुळं मध्ये एक वळण आलं आणि भर दुपारी आत काळोख झाला. ठेकेदारानं लावलेल्या ट्यूबा पहिल्या पावसातच गेल्या. तेव्हापासून या पाड्यात दुपारी बारालाही माणूस बॅटरी घेऊन घराबाहेर पडतो. प्रत्येक दाराशी एक खिळा आणि खिळ्याला एक स्टीलची बॅटरी. सगळ्या एकाच घडणीच्या, दोन सेलवाल्या, शेलार नाक्यावरच्या एकाच दुकानातल्या. कुणाची कुठली हे देवालाही सांगता येणार नाही. स्मशानही बोगद्यापलीकडेच आहे, त्यामुळं माणूस शेवटचा जातो तोही बॅटऱ्यांच्या उजेडातच.

रुचिकाचे सासरे काळूराम, त्यांना घरात सगळे आबा म्हणत, त्यांची बॅटरी मात्र ओळखू यायची. ती तीस वर्षांची होती. विहिरीत पडली होती, बैलगाडीच्या चाकाखाली आली होती, एकदा भाताच्या कणगीत चार महिने हरवली होती. बाहेर काढली, बटण दाबलं, की पेटायची. फक्त विहिरीत पडली तेव्हा तिची काच तडकली. त्यामुळं तिच्या उजेडाचा गोल जमिनीवर पडला की त्यातून एक तिरकी काळी रेघ जायची. जीवननं किती वेळा सांगितलं, काच बदलू. आबा म्हणायचे, "काच गेली, डोला न्हाय गेला." मोबाईलच्या उजेडाला तर ते उजेड मानतच नसत. सांडलेल्या दुधासारखा पसरतो आणि पायापुढचा दगड दाखवत नाही, असं त्यांचं मत होतं.

पुढं आबांचेच डोळे गेले. उन्हात बरं दिसायचं, अंधारात ठार काही नाही. मग दुपारी जेवण झालं की मृणाली त्यांना बोगद्यातून वालाच्या शेतावर न्यायची. आबांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पुढं चालणाऱ्यानं उजेड स्वतःच्या पायाशी धरायचा नाही, मागच्याच्या पायाशी धरायचा. पुढच्याला वाट ठाऊक असते, ठेच लागते ती मागच्याला. म्हणून ती सहा-सात वर्षांची पोर हात मागं वळवून, बॅटरी उलटी धरून चालायची, आणि आबा त्या उजेडाच्या गोलात एक-एक पाऊल टाकत यायचे. बघणाऱ्याला गंमत वाटायची.

जानेवारीच्या सुरुवातीला आबा छातीच्या दुखण्यानं गेले. बाराव्याला मयताच्या नावानं वस्तू द्यायच्या असतात. छत्री, चपला, काठी, कांबळं, आणि वाट दिसावी म्हणून बॅटरी. घ्यायचा मान भाच्याचा, म्हणून आबांच्या बहिणीचा मुलगा केसरीनाथ शेलारहून आला होता. बॅटरी आबांचीच द्यायची असं सीताबाईंनी ठरवलं आणि नवे सेल जीवनला आणायला लावले. नदीवर भटजी म्हणाले, "उजेड दाखवा." जीवननं बटण दाबलं. तिरक्या रेघेचा गोल पिंडांवर पडला, आणि सगळ्यांनी हात जोडले.

घरी येऊन सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या होत्या. जीवनच्या तिघी आत्या थंडीनं कुडकुडत न्हाणीसमोर ओळीनं उभ्या, आणि नेमका तेव्हा गिझर बसला. रुचिका कामतघरची, कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेली. तिथल्या चाळीत ज्याचं अडलंय त्याचं आधी बघायचं, ही रीत. कोपऱ्यात देण्याच्या वस्तूंची पिशवी होती. तिनं बॅटरीतले नवे सेल काढून गिझरमध्ये टाकले आणि गिझरचे जुने, क-ची पट्टी असलेले, बॅटरीत घातले. संध्याकाळपर्यंत दुकानातून नवे आणून टाकू, असं तिनं मनाशी म्हटलंही होतं. पण साठ पानं उठायची होती. चार वाजता केसरीनाथ पिशवी उचलून गेला, तेव्हा ती परातीत कोपरापर्यंत पीठ मळत होती.

तिला वाईट वाटलं, पण दोनच दिवस. मेलेल्या माणसाला सेल कशाला लागतात, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

३

आता तेच सेल गिझरमध्ये परत आले होते.

भूत मानायचं की माणूस, असा प्रश्न पडला तर शहाणी बाई आधी माणूस मानते. रुचिकानं तेच केलं. केसरीदादानं बॅटरी उघडली असणार, संपलेले सेल बघून ओळखलं असणार. मग ते जीवनच्या हाती परत पाठवले असतील. जीवन रोज शेलारलाच तर जातो. आणि जीवननं बायकोला बोलून दाखवण्यापेक्षा गुपचूप गिझरमध्ये ठेवले असतील, बघू कधी बोलते ते. असा डाव त्याच्या अंगचा नव्हता खरं तर. पण बापाचं प्रकरण होतं.

"केसरीदादा भेटले होते का हो?" तिनं त्या रात्री ताट वाढताना सहज विचारलं.

"नाय गं. बाराव्यानंतर न्हाईच. का?"

"काही नाही, असंच."

जीवन मोबाईलमध्ये बघत जेवत होता. खोटं बोलणारा माणूस इतक्या चवीनं भेंडी खात नाही. मग राहिल्या सीताबाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी सीताबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. रुचिका शेजारी बसली, तर त्यांनी वर न बघता सुरुवात केली.

"काल हे दिसले मला."

"स्वप्नात?"

"स्वप्नातच म्हण. बोगद्याच्या तोंडाशी उबे व्हते. म्हनाले, सीते, काय दिसत न्हाय." एक शेंग सोलून झाली. "उजेड न्हाय मिलाला तर मानूस अर्ध्या वाटंत थांबतो, असं माजी सासू म्हनायची. तू पिशवी भरलीस ना त्या दिवशी? सेल नवेच व्हते ना गं?"

"नवेच होते, आई. नदीवर पाहिलेत ना तुम्ही."

"नदीवर पायले. मंग घरी आल्यावर?" आता सीताबाईंनी वर पाहिलं. मृणाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "पोरीच्या डोक्यावर हात ठेव आनी सांग."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. रुचिकाला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे. हिनंच सेल आणून ठेवलेत आणि आता ही माझ्या तोंडून वदवून घेते आहे. कबूल केलं तर तिन्ही आत्यांत उद्यापर्यंत गवगवा होईल, कामतघरच्या पोरीनं सासऱ्याचा उजेड चोरला म्हणून. तिला राग आला, आणि रागाच्या भरात तिनं मृणालीच्या केसांवर हात ठेवला.

"नवेच होते."

मृणालीनं मान वर करून आईकडं पाहिलं. रुचिकानं हात काढला, आणि आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं. पोरीच्या डोक्यावर खोटी शपथ. अशा गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. पण त्या दिवसापासून मृणाली साधी शिंकली तरी ही तिच्या गळ्याला हात लावून ताप बघायची.

४

तिनं नवे सेल आणले. दोघांच्याही बुडाला नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला, गिझरमध्ये घातले आणि पाळतीवर राहिली. सीताबाई न्हाणीत गेल्या की ही बाहेर ताटं घासत आवाज ऐके. तांब्याचा आवाज, पाण्याचा आवाज, "कोमटच हाय" असं पुटपुटणं. स्टूल ओढल्याचा आवाज मात्र कधी आला नाही. शिवाय सीताबाईंचा गुडघा असा की त्यांना उंबरा चढताना भिंत धरावी लागायची. त्या स्टुलावर चढणार कशा?

तीन दिवस गिझर व्यवस्थित चालला. चौथ्या सकाळी नळ सोडला, तर टिकसुद्धा नाही. पेटी ओढली, आत काहीच नव्हतं. दोन गोल खोबण्या आणि एक स्प्रिंग. चोरटा भंगारवाला फिरतो म्हणावं, तर गोठ्यातलं तांब्याचं भगुलं जागेवरच होतं.

पेटीच्या कडेला बोटांचे ठसे होते, करड्या चिखलाचे. रुचिकानं ते बघितले, आणि न्हाणीत चिखल असायचाच, असं म्हणून ओल्या फडक्यानं पुसून टाकले. नंतर तिला वाटलं, पुसायला नको होते. निदान किती मोठे होते ते तरी बघायला हवं होतं.

आता एकच जागा उरली होती. तिनं मृणालीला शाळेत सोडलं, सीताबाईंना बँकेत काम आहे म्हणून सांगितलं आणि शेलारची रिक्षा पकडली.

५

केसरीनाथचं घर नाक्याच्या मागं, दोन गोदामांच्या मधोमध. तो दारातच भेटला. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस.

"वहिनी? एकट्याच? मामी बरी हाय ना?"

"बऱ्या आहेत. दादा, ती आबांची बॅटरी... जरा बघायची होती."

केसरीनाथनं तिच्याकडं पाहिलं. ते पाहणं तिला आवडलं नाही. हिशोब विसरलेलं गिऱ्हाईक परत आलं की दुकानदार बघतो तसं. त्यानं आत जाऊन खिळ्यावरची बॅटरी आणली. तडकलेली काच, घासून गुळगुळीत झालेलं स्टील. तिनं बटण दाबलं. काही नाही. हातात ती फार हलकी लागत होती.

"उघडून बघा," केसरीनाथ म्हणाला.

तिनं बुडाचं टोपण फिरवलं. आत रिकामं होतं.

"सेल तुम्ही काढलेत?"

"मी?" केसरीनाथचा आवाज चढला, मग त्यानं तो आवरला. "वहिनी, मी बाराव्याच्या संद्याकालीच उगडली. म्हटलं, मामाचा उजेड घरात एक डाव फिरवावा. तवाच रिकामी व्हती. आनी तुमाला सांगू, मामीला वाईट वाटंल म्हनून मी कुनाला बोल्लो न्हाय. पन मयताची बॅटरी अशी रिकामी देतात व्हय?"

"रिकामी नव्हती, दादा. मी स्वतः..." ती थांबली.

"तुमी स्वता काय?"

रुचिकानं टोपण फिरवून परत बसवलं. बॅटरी रिकामी नव्हती. संपत आलेले का होईना, क-ची पट्टी लावलेले दोन सेल तिनं आत घातले होते आणि टोपण घट्ट फिरवलं होतं. पाड्यापासून शेलारपर्यंत पिशवी केसरीनाथच्या मोटरसायकलला होती. वाटेत कुठं थांबला होता का, असं तिनं विचारलं.

"थांबलो व्हतो की. बोगद्याच्या तोंडाशी. मामाला हात जोडले आनी निगालो." त्यानं बॅटरी परत खिळ्याला अडकवली. "का वो? काय झालंय?"

"काही नाही," ती म्हणाली. गेल्या आठवड्याभरात ती हे दुसऱ्यांदा म्हणत होती.

नाक्यावरच्या दुकानातून तिनं दोन मोठे सेल घेतले. दुकानदार म्हणाला, "भाभी, एकदम ओरिजिनल है. छे महिना बेफिकर." कशासाठी घेतले हे तिचं तिलाही नीट ठाऊक नव्हतं. बारा वाजून गेले होते. मृणाली शाळेतून येऊन जेवली असेल, आजीच्या कुशीत झोपली असेल. रिक्षात बसल्यावर तिला करडा चिखल आठवला. चपलांचा आणि पेटीवरच्या बोटांचा. पाड्यात माती सगळी तांबडी आहे. करडा चिखल एकाच ठिकाणी होतो, जिथं सिमेंटातून पाणी झिरपतं.

"भैया, जल्दी चलाओ," ती म्हणाली.

६

सीताबाई ओटीवर घोरत होत्या. शेजारची गोधडी रिकामी होती. दाराजवळच्या खिळ्यावर जीवनची बॅटरी नव्हती.

रुचिका बोगद्याच्या तोंडाशी पोचली तेव्हा तिच्या डोक्यावर ऊन तापलेलं होतं. वरून ट्रेलर जात होते, आणि प्रत्येक ट्रेलरबरोबर बोगद्यातली हवा हुंकार दिल्यासारखी हलत होती. आत दहा पावलं उजेड, मग करडं, मग काळं. भिंतीवरून पाणी ठिबकत होतं. घाईत मोबाईल पर्ससकट ओटीवरच राहिला होता. हातात होते फक्त दोन सेल.

"मृणाली!"

आवाज आत गेला, वळणावर आपटला आणि उशिरा परत आला. मग वळणाच्या अलीकडे तिला उजेड दिसला.

मृणाली पलीकडच्या बाजूला चालली होती. पाठ आईकडं, हात मागं वळवलेला, बॅटरी उलटी धरलेली. म्हणजे उजेड रुचिकाच्या दिशेनं यायला हवा होता, सरळ डोळ्यांवर. तो येत नव्हता. मध्ये काहीतरी होतं. उजेड त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटत होता, आणि मध्ये दोन काळे पट्टे होते. एक पट्टा हलला. मग दुसरा. सावकाश, चाचपडत, डोळ्यांनी अधू माणूस पावलं टाकतो तसे. त्यांची लांब सावली ओल्या सिमेंटवरून रुचिकाच्या चपलांपर्यंत आली होती.

ती सावली कशाचीही असेल, असं तिचं डोकं सांगत होतं. झिरपणारं पाणी, वरून जाणारी वाहनं, उन्हातून एकदम अंधारात आलेले डोळे. तिनं डोळे मिटून उघडले. पट्टे तसेच होते आणि आता थांबले होते.

"आई, जोरात नको ओरडू," मृणालीचा आवाज आला, अगदी रोजचा. "आबांना पाय टाकताना लक्ष लागतं."

"मृणू, बाळा, इकडं ये."

"आज पार पलीकडे जायचंय. काल वळणापर्यंतच गेलो. मग सेल संपले."

"सेल... गिझरमधले तू काढलेस?"

"हो. स्टुलावर चढून. आधीचे क-वाले आबांनीच दिले. म्हनाले, हे तुझ्या आईचे हायत, आईला परत दे. मग मी गिझरमध्ये ठेवले आनी तिथले घेतले." थोडं थांबून ती म्हणाली, "पण माझे सेल त्यांना नको. आईनंच द्यायचे म्हनतात. तोपर्यंत मी न्यायचं."

वरून एक ट्रेलर गेला. त्याचा आवाज विरला. तिच्या मनात आता संशय उरला नव्हता, ना सासूचा, ना नवऱ्याचा, ना केसरीदादाचा. आठवडाभर ती घरातल्या प्रत्येकाकडं चोर म्हणून बघत होती, आणि चोर एकच होता.

"आबा," ती त्या काळ्या पट्ट्यांना म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "मी काढले. नवे सेल मी काढले. आईंपुढं खोटं बोलले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. तिची काही चूक नाही. हे घ्या. नवे आहेत."

तिनं वाकून दोन्ही सेल ओल्या जमिनीवर उभे ठेवले आणि दोन पावलं मागं सरली.

"मृणू, बॅटरी बंद कर. भिंतीला धरून ये माझ्याकडं."

"आबांना दिसणार न्हाय मग."

"त्यांना त्यांची आहे. तू ये."

बटण खटकन वाजलं आणि सगळं काळं झालं. मग चपलांचा चपचप आवाज भिंतीच्या कडेनं येऊ लागला. मध्येच एका जागी तो थांबला, जसं आपण समोरून येणाऱ्या मोठ्या माणसाला वाट देताना थांबतो. पुन्हा सुरू झाला. एक गार, ओला, छोटा हात रुचिकाच्या हातात आला. तिनं पोरीला पाठीशी ओढलं आणि मागं-मागं चालू लागली. पाठ फिरवायची तिची हिंमत होईना.

अंधारात काहीतरी खुरखुरलं. धातूवर धातू. रुचिकाला तो आवाज ओळखीचा होता. तासाभरापूर्वीच तिनं स्वतःच्या हातानं तो काढला होता. बुडाचं टोपण फिरत होतं. एक सेल आत घसरला. मग दुसरा. स्प्रिंग दबली. टोपण पुन्हा फिरलं, घट्ट होईपर्यंत.

बटण वाजलं.

जमिनीवर उजेडाचा गोल पडला. त्यातून एक तिरकी काळी रेघ गेलेली होती. ज्या बॅटरीचा तो उजेड होता, ती शेलारला खिळ्यावर रिकामी लटकत होती. गोल थरथरला, स्थिर झाला, आणि वळणाकडं सरकू लागला. जातायत, रुचिकाला वाटलं. मिळाली वाट, जातायत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण गोल पुढं पडत नव्हता. पावलं लांब जात होती, एकेक, आता न चाचपडता, आणि उजेड मात्र मागं येत होता. तो मृणालीच्या चपलांपाशी आला, क्षणभर थांबला आणि तिथून बाजूला झाला. मग तो रुचिकाच्या पायांशी येऊन थांबला, आणि पलीकडची पावलंही थांबली.

ती पोरीला उचलून उन्हाकडं धावली.

७

त्या संध्याकाळी तिनं सीताबाईंना सगळं सांगितलं. सीताबाई रागावल्या नाहीत. शेंगांचं सूप बाजूला ठेवून त्यांनी मृणालीला जवळ घेतलं, तिचे हात-पाय चाचपून पाहिले, मग विचारलं, "गेले ना पन? उजेड कुनीकडं पडला?"

"पुढं," रुचिका म्हणाली. "सरळ पुढं गेला, आई."

सीताबाईंनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. या वेळी त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितलं नाही.

मृणाली आता दुपारी शहाण्यासारखी झोपते. बोगद्याचं नावही काढत नाही. विचारलं तर म्हणते, "माझं काम झालं." गिझर सुरेख चालतो, टिक-टिक आणि भप्प. सगळं कसं जिथल्या तिथं आहे. जीवन म्हणतो, तू उगाच वाळत चाललीस, जरा दवाखान्यात दाखव.

काल दुपारी रुचिका भांडी आवरून ओटीवर आली. अंगणात ऊन रखरखत होतं, पत्र्याच्या सावलीत सीताबाई आणि मृणाली झोपल्या होत्या. दाराजवळच्या खिळ्याला जीवनची बॅटरी लटकत होती. तिच्यातले सेल रुचिकानं त्याच दिवशी काढून टाकले होते. ती खांबाला टेकली आणि सहज खाली बघितलं.

सारवलेल्या जमिनीवर, तिच्या पावलांपुढं, एक फिकट गोल होता. पत्र्याला भोक असेल, म्हणून तिनं वर पाहिलं. भोक नव्हतं. गोलातून एक तिरकी रेघ गेली होती. तिनं एक पाऊल मागं घेतलं, तर तोही तेवढाच मागं आला. तिनं पाऊल पुढं टाकलं, तर तो एक पाऊल पुढं सरकला, पायरीकडं, अंगणाकडं, बोगद्याच्या वाटेकडं, आणि तिथं थांबला.

आत गिझर बंद होता, नळ बंद होता, कुठं काही वाजत नव्हतं. रुचिका पहिल्या पायरीवर उभी होती. तिच्या पायांत चपला होत्या. त्या तिनं कधी घातल्या, ते तिला आठवेना.